विहिरीचा घेर

हॉलच्या मधोमध छातीएवढ्या उंचीची चार टेबलं जोडून ठेवली होती. प्रत्येक टेबलाचा एकेक कोपरा सुताराकडून गोलाईत कापून आणला होता, त्यामुळे चारही एकत्र आली की मध्ये एक मोठं भोक तयार व्हायचं. एखादा धट्टाकट्टा माणूस त्यात आरामात उभा राहील, एवढं. आत्ता त्या भोकातून नुसती फरशी दिसत होती.

"छान आहे," दातवाले म्हणाले. "लोकांना सांगू, हे आमचं यंदाचं मुख्य आकर्षण. भोक."

"भरेल हो ते," मामा म्हणाला. "आमच्या मिलिमीटरने हिशेब केलाय."

मिलिमीटर म्हणजे त्याची भाची. वजनकाटे आणि मोजपट्ट्या तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. मंडळात आली त्या दिवशीच तिने कोणाच्या तरी मनोऱ्याला "हा किंचित डावीकडे झुकलाय" असं म्हटलं, आणि तेव्हापासून तिला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

मंडळ म्हणजे मोठ्या वयात प्लास्टिकच्या ठोकळ्यांशी खेळणारी माणसं. खेळण्यातलेच ठोकळे, वर गोल खुंट्या असलेले. एकाच्या खुंट्या दुसऱ्याच्या पोटात दाबल्या की घट्ट बसणारे. पाकिटावर दिलेलं चित्र बघून कोणी काही बनवायचं नाही, ज्याने त्याने आपल्या डोक्यातलं बनवायचं, हा पहिला नियम. गोंद लावायचा नाही आणि ठोकळा कापायचा नाही, हा दुसरा. आणि तिसरा कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांत कडक होता: बनवलेलं मोडायचं ते ज्याने बनवलं त्यानेच. दुसऱ्याने बोटसुद्धा लावायचं नाही.

हॉलभर प्रत्येकाचं काम मांडून झालं होतं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जिराफांचा कळप आणला होता. काकू, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकू, यांनी एका लांबलचक टेबलावर जंगल उभं केलं होतं. त्यात वाऱ्याने एका बाजूला कललेली झाडं होती, आणि ती बघताना आपल्यालाच वारा लागल्यासारखं वाटायचं. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने दिव्यांच्या खांबांनी भरलेला एक रस्ता केला होता. दातवाल्यांचा पांढरा महाल तर असा होता, की त्याच्यासमोर लोक आपसूक हळू बोलत. मंडळात दोन डॉक्टर असल्यामुळे घोटाळा व्हायचा, म्हणून दातांच्या डॉक्टरांना हे नाव पडलं होतं. त्यांना ते आवडायचं नाही, म्हणून ते टिकलं.

मिलिमीटरने स्वतःचं वेगळं काही बनवलं नव्हतं. तिची होती ती विहीर, आणि विहीर सगळ्यांची होती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी ती मामाच्या लहानपणच्या डब्यातले ठोकळे घेऊन बसली होती. काही विशेष नाही, हाताला चाळा म्हणून एक सरळ भिंत लावत होती. लांब, पातळ, एका खुंटीच्या जाडीची. भिंत उचलायला गेली आणि ती हातात वाकली. तुटली नाही, वाकली. तिने दोन्ही टोकं हळूहळू जवळ आणली, तर ती भिंत एखाद्या पट्ट्यासारखी गोल झाली. एकच ठोकळा घेतला तर तो असा कडक, की अनवाणी पायाखाली आला तर माणूस कळवळेल, पण ठोकळा हू की चू करणार नाही. मग हे वाकलं काय? दोन शेजारच्या ठोकळ्यांत केसभर फट असते; नाहीतर ते निघालेच नसते. एक केस डोळ्याला दिसत नाही. पण लांब भिंतीत असे कितीतरी केस एकमेकांना मिळतात आणि त्यांचं मिळून एक वळण होतं. ती तो पट्टा हातात धरून बराच वेळ बसून राहिली. शिकताना तिने मोठमोठी यंत्रं पाहिली होती, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

तिने मंडळात सांगितलं: आपण एक विहीर करू. जमिनीचा एकेक थर एकेकाने करायचा. वर काळी माती, खाली तांबडा मुरूम, मग पिवळट, मग राखाडी दगड, मग काळा खडक. प्रत्येकाने आपापल्या घरी सरळ पट्टी करायची, मी सांगते तेवढ्याच लांबीची. हॉलमध्ये पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, मोठी चादर होईल. ती उभी करायची आणि गुंडाळायची. लोक काठावर ओणवे होतील आणि खाली बघतील.

लांबी किती, हे तिने काढलं. घेर किती, हे तिने काढलं. टेबलं तिच्या आकड्यावर कापली गेली. आणि मंडळाने वर्षभर, कामावरून आल्यावर, पोराबाळांचं आवरून, तिच्या शब्दावर पट्ट्या लावल्या.

आता ती चादर फरशीवर गाद्यांवर पसरून ठेवली होती. प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं.

"चला," मामा म्हणाला, "उचला. सगळ्यांनी एकदम. लग्नातल्या सतरंजीसारखी नाही, झोपलेल्या बाळासारखी."

टेबलं बाजूला ओढली. सगळ्यांनी मिळून ती भिंत उभी केली. मामाच्या छातीपर्यंत आली. मामा आतल्या बाजूला उभा राहिला, बाकीचे बाहेरून, आणि मिलिमीटर दोन्ही टोकांच्या मध्ये. "हळू," ती म्हणाली. "आता थोडं आत."

भिंत वाकली. काळी माती, तांबडा मुरूम, दगड, सगळं एकदम एका बाजूला झुकलं आणि वळायला लागलं. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "अगं आई" निघालं. अर्धा गोल झाला. अर्ध्याहून जास्त झाला. आणि मग भिंत थांबली.

टोकांमध्ये हातभर अंतर राहिलं होतं.

"दाबू का अजून?" मामाने विचारलं.

"थोडंसंच."

टक्क, असा आवाज आला. मुरुमातला एक ठोकळा सुटला आणि दातवाल्यांच्या चष्म्यावर जाऊन आदळला. पाठोपाठ दुसरा. "सोडा, सोडा!" मिलिमीटर ओरडली, आणि सगळ्यांनी भिंत सैल सोडली तशी ती पुन्हा उलगडली.

सुटलेले ठोकळे काकूंनी वाकून गोळा केले.

"घरी वळली होती," मिलिमीटर म्हणाली. "मी करून बघितली होती. पूर्ण गोल झाली होती."

"घरी सगळंच होतं," दातवाले चष्मा पुसत म्हणाले.

ती भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली. तिने सुटलेला नवा ठोकळा एका हातात घेतला आणि तिच्या पिशवीतल्या जुन्या डब्यातला एक दुसऱ्या हातात. दोन्हींच्या कडांवरून अंगठा फिरवला. नव्याची कड अंगठ्याला कापेल अशी होती. जुन्याची साबणाच्या वडीसारखी झाली होती. मामाने ते ठोकळे लहानपणी चावले होते, त्याच्या बहिणीने म्हणजे मिलिमीटरच्या आईने चावले होते, मग मिलिमीटरने. तिने चाचणी घेतली ती या झिजलेल्या ठोकळ्यांवर. आणि मंडळाने वर्षभर लावले ते कोरे करकरीत.

प्रयोगशाळेत दुकानदार काटा घेऊन आला की ती सगळ्यांत आधी आपल्याकडचं प्रमाण वजन तपासायची, त्याच्या काट्याला हात लावण्याआधी. तिथे तिने ही चूक कधी केली नसती.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली आणि सगळ्यांना कारण सांगितलं. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

"म्हणजे तुझ्या आईच्या दातांमुळे आपण अडकलो," मामा म्हणाला. ती हसली नाही.

ती पुन्हा भिंतीकडे वळली. ज्या जागी ठोकळे सुटले होते तिथे शेजारच्या ठोकळ्यांचे कोपरे पांढुरके पडले होते. प्लास्टिकवर ताण आला की पडतात तसे. तिने बोट लावून पाहिलं. भिंतभर, ठरावीक अंतरावर, कोपऱ्यांवर तेच पांढरे ठिपके.

"कोपरे नडतायत," ती हळूच म्हणाली. "वळताना हा कोपरा त्याच्यावर आदळतो. केसभर जागा आहे, ती संपते, आणि मग दोघं अडून बसतात."

"मग काप दे ना त्यांना," काकू म्हणाल्या. "गळ्याची गोलाई शिवताना मी कापडाला कडेने बारीक काप देते. नाहीतर चुण्या पडतात."

"काकू!" डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ठोकळा कापायचा? इथे? आमच्यादेखत?"

"अहो, मी आपलं कापडाचं सांगितलं."

पण मिलिमीटर काकूंकडे बघतच राहिली. काप. कापडाचा कोपरा काढून टाकायचा, म्हणजे त्याला वळायला जागा होते. ठोकळ्याचा कोपरा काढता येत नाही. पण ज्याला मुळात कोपराच नाही, असा ठोकळा?

"गोल पीस," ती उठत म्हणाली. "एका खुंटीचे, गोल. ठरावीक अंतरावर वरपासून खालपर्यंत एकेक सांधा करायचा, आणि त्या सांध्यात एक थर सोडून एक चौकोनी पीस काढून गोल घालायचा. भिंतीला बिजागऱ्या मिळतील. काकू, तुम्ही म्हणता तसे काप."

सगळे आपापल्या सुट्या सामानाच्या डब्यांकडे धावले. डबे पालथे झाले. हाती आले ते गोल पीस काकूंनी आपल्या पदरात घेतले, आणि पदर धड ओंजळभरही भरला नाही.

तिने भिंतीची उंची पाहिली, मग पदर पाहिला. एका सांध्यालाही पुरले नसते.

आणि मग तिची नजर हॉलवरून फिरली. गोल पीस होते. भरपूर होते. काकूंच्या जंगलातल्या प्रत्येक झाडाचं खोड म्हणजे एकावर एक रचलेले गोल पीस. जिराफांचे पाय. मामाच्या रस्त्यावरचे दिव्यांचे खांब. आणि दातवाल्यांच्या महालाची ती पांढरी खांबांची रांग, जिच्यासाठी त्यांनी वर्षभर देशोदेशीच्या छांदिष्टांशी पत्रव्यवहार करून पीस जमवले होते. बाकीच्यांनाही ते दिसत होते. सगळे कुठे बघत होते हे तिला कळत होतं. तिच्याकडे मोडायला स्वतःचं काहीच नव्हतं. दुसऱ्याला मोड म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

"राहू दे," ती म्हणाली. "भोकावर मी कापड टाकते. वर कुंड्या ठेवू. पुढच्या वर्षी मी नीट चाचणी घेऊन—"

करकर असा आवाज आला. काकू जंगलाच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एक झाड होतं. त्यांनी पानांचा गेंद एका बाजूला ठेवला, खोड दोन्ही हातांनी पिळलं आणि तुकडे पदरात टाकले.

"काकू, नको," मिलिमीटर म्हणाली.

"तू गप गं. झाड माझं आहे." त्यांनी दुसरं उपटलं. "जंगल विरळ झालं तरी जंगलच असतं."

मग डॉक्टरीणबाई जिराफांकडे गेल्या. एकेक जिराफ उचलून त्यांनी त्याला मायेने आडवं केलं आणि पाय काढले. "झोपलेत," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगायचं, दुपारची वेळ आहे, जिराफ झोपलेत."

"जिराफ असे झोपतात?" मामाने विचारलं.

"जनावरांची डॉक्टर मी आहे की तू?"

मामाने रस्त्यावरचे खांब उपटायला घेतले. दिवे त्याने फुटपाथवर नीट ओळीने ठेवले, लिफ्टचं काम करताना स्क्रू ठेवतो तसे.

दातवाले महालासमोर उभे होते. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं; सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी बाह्या दुमडल्या आणि मागच्या व्हरांड्यातले खांब काढले. ते आणून मिलिमीटरसमोर ठेवले.

"पुरतील?"

ती खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली.

ते परत गेले. महालाचं छत त्यांनी अख्खं उचललं, दोन्ही तळहातांवर, श्वास रोखून, आणि खाली ठेवलं. मग दर्शनी बाजूचे खांब एकामागून एक काढले. दात काढतात तसेच काढत होते, थोडं हलवून, मग सरळ वर. शेवटचा खांब हातात घेऊन ते म्हणाले, "भूल द्यायला हवी होती. मला."

सगळेजण चादरीभोवती बसले. मिलिमीटर सांधा दाखवायची, कोणीतरी थर उकलायचं, कोणीतरी चौकोनी पीस काढायचं, कोणीतरी गोल बसवायचं. काळ्या मातीच्या पट्टीत पांढरे आणि तपकिरी गोल दिसायला लागले, मुरुमात जिराफांचे पिवळे. रंग जुळत नव्हते. त्याचं तिला वाईट वाटत होतं. पण ते बोलायला वेळ नव्हता.

पुन्हा भिंत उभी राहिली. पुन्हा मामा आत.

"हळू," ती म्हणाली, आणि तिला पुढे काही सांगावंच लागलं नाही. भिंत स्वतःहून वळल्यासारखी वळली. अर्धी झाली, अर्ध्याहून जास्त झाली, मघा अडली होती ती जागा आली आणि गेली. टोकं एकमेकांसमोर आली. मिलिमीटर खाली बसली आणि सगळ्यांत खालच्या थरापासून दोन्ही टोकं एकमेकांत दाबत वर आली. टक, टक, टक. वरचा शेवटचा ठोकळा बसला तेव्हा तिने हात काढून घेतले. बाकीच्यांनीही घेतले.

विहीर उभी होती. कोणी धरलेली नव्हती.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण हा आत राहिला की."

मामा विहिरीत होता. छातीपासून वर तेवढा दिसत होता. वर्षभर सगळ्यांनी सगळा विचार केला होता, पण आतला माणूस बाहेर कसा यायचा, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. दातवाल्यांना असं काही हसू फुटलं की त्यांना भिंतीपासून लांब जाऊन हसावं लागलं.

"राहू दे त्याला," काकू म्हणाल्या. "लोक खाली बघतील तर बेडूक पण दिसेल."

"आधी टेबलं लावून घ्या," मामा म्हणाला. "टेबलांवरूनच उचला मला. आणि तोवर ते निळं पाणी द्या इकडे, तळ मीच लावतो."

चारही टेबलं विहिरीला येऊन भिडली. भोक विहिरीला चपखल बसलं, काठ टेबलांच्या वर बोटभर आला. मिलिमीटरने निळ्या पारदर्शक ठोकळ्यांचा डबा वरून मामाच्या हातात दिला आणि तो खाली बसला. दिसेनासा झाला. थोडा वेळ ठोकळे लावल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"मामा?"

ती काठाजवळ सरकली.

"मामा, काय झालं?"

"अगं," आतून आवाज आला. तो मामाचाच होता, पण घागरीत बोलल्यासारखा घुमणारा. "इकडे बघ. वरून बघ. पण दिवा लावू नकोस. तसंच बघ."

ती काठावर ओणवी झाली. आत अंधार होता; टेबलांनी वरचा उजेड अडवला होता. पण बाहेर टेबलांच्या खाली, खिडक्यांमधून आलेलं ऊन फरशीवरून सरकत येऊन विहिरीच्या पाठीला टेकलं होतं. आणि गोल ठोकळे गोल असतात. गोल आणि त्याच्या शेजारचा चौकोनी ठोकळा यांच्या मध्ये, कोपरा जिथे असायला हवा तिथे, बारीकशी फट राहते. प्रत्येक सांध्यात, थर सोडून थर, ऊन त्या फटींतून आत येत होतं. काळ्या मातीतून, मुरुमातून, दगडातून, खडकातून उजेडाचे थेंब खाली उतरत होते. एकाखाली एक, ओळीने. पिवळ्या गोलांजवळचे थेंब पिवळसर होते, पांढऱ्यांजवळचे स्वच्छ. ती डोकं जरा हलवायची की काही विझायचे आणि शेजारचे पेटायचे, त्यामुळे सगळी भिंत पाझरत असल्यासारखी दिसत होती. तळाशी मामा निळ्या ठोकळ्यांवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या टकलावर, खांद्यांवर, उघड्या तळहातांवर ते थेंब पडले होते.

यातलं काहीही तिने काढलेल्या हिशेबात नव्हतं.

"हिला झरे फुटलेत," मामा म्हणाला.

एकेक करून सगळे ओणवे झाले. काकूंनी तोंडावर पदर धरला. डॉक्टरीणबाई नुसत्या बघत होत्या. दातवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आपल्या महालाच्या खांबांमधून येणारा उजेड शोधून काढून तो बोटाने दाखवायला गेले, आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"टेबलांना कापड लावायचं नाही," मिलिमीटर म्हणाली. एवढंच तिला सुचलं. "खालून ऊन येऊ दे."

मामाला आत सोडलेल्या स्टुलावर उभं करून, दोन बाजूंनी काखेत हात घालून, भिंतीला धक्का न लावता वर काढलं, मागोमाग स्टूलही ओढून घेतलं, तेव्हा दारावर माणसं जमली होती. दार उघडलं. लोक आत आले, झोपलेल्या जिराफांपाशी थांबले, विरळ जंगलाभोवती फिरले. दातवाल्यांचं छत जमिनीवर का आहे, असं एकाने विचारलं, त्यावर ते म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे."

विहिरीपाशी आधी एक बाई आली. हातात भाजीची पिशवी होती, बाजारातून सरळ इकडेच आली असावी. तिने काठावर एक हात ठेवला आणि सहज खाली डोकावलं. डोकं तिथेच राहिलं. मागून आलेला माणूस "काय आहे हो?" म्हणाला, तर तिने त्याला हाताने थांबवलं. मग तिने पिशवी खाली ठेवली, हात आत घातला आणि भिंतीवरच्या एका थेंबाला बोटं लावली.

हात बाहेर काढून तिने बोटं बघितली. कोरडी होती. तिने ती अंगठ्यावर चोळून पाहिली, पुन्हा हात आत घातला, आणि यावेळी तिने तो लगेच बाहेर काढला नाही.